वाट कसली बघायची?

हळदीकुंकवाला गेलं की ओटीत एक ब्लाउजपीस येतो. तो आपण शिवत नाही, कुणाला द्यायचं धाडस होत नाही, आणि टाकून तर देववतच नाही. कपाटात ठेवून देतो. दुसऱ्या घरून दुसरा येतो. मग एक दिवस साडी काढायला कपाट उघडावं तर सगळा गठ्ठा अंगावर!

किस्स्यांचंही तसंच आहे. मी कुणाकडे मागायला गेले नव्हते. पण दोन हिवाळे एका मैदानावर पाण्याच्या टेबलामागे उभी राहिले, आणि आता गठ्ठा अंगावर येतोय.

ते मैदान म्हणजे आमच्या इंदूरबाहेर, राऊच्या रस्त्यावरच्या एका कॉलेजचं. वर्षातून एक दिवस तिथे अशी माणसं जमतात ज्यांच्या पोटात दुसऱ्याची किडनी आहे, दुसऱ्याचं लिव्हर आहे. छातीवर नंबर लावतात आणि पळतात. खरं सांगायचं तर बहुतेक जण चालतातच. चेंडू फेकतात, लिंबू-चमचा करतात. मेडल मात्र अगदी खरं मिळतं, रिबिनीचं.

मी सोमवार आणि संकष्टीवाली बाई. मैदानाशी माझा संबंध शाळेतल्या लंगडीबरोबर संपला होता. पण आमच्या ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. माझी किडनी द्यायला मी केव्हाची तयार, पण मला शुगर, म्हणून डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी बाद केलं. पुण्याची मुलगी तयार झाली, तिला ह्यांनी बाद केलं. "तिचं पोर अजून मांडीवर आहे," म्हणाले, "विषय बंद." राहिला एकच रस्ता. यादीत नाव लिहायचं आणि वाट बघायची. कुणी अपघातात जातं, मेंदू संपतो, घरचे लोक मोठं मन करतात, तेव्हा यादीतल्या माणसाला फोन येतो.

ह्यांनी तेही नाकारलं. डॉक्टरांना सरळ विचारलं, "वाट कसली बघायची, डॉक्टर? पाऊस पडलाय, रस्ते ओले आहेत, आज कुणीतरी घसरेल, ह्याची?"

 मी खिडकीबाहेर बघत बसले. तेव्हा रिद्धीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. रिद्धी म्हणजे त्या हॉस्पिटलातली पोरगी, यादीत नावं लिहून घेणं, देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची गाठ घालून देणं हेच तिचं काम. म्हणाली, "काकू, तुम्ही काकांना समजावू नका. तुम्ही फक्त एकदा आमच्या स्पोर्ट्स डेला या. व्हॉलंटियर कमी पडतायत."

अशी मी गेले. ह्यांचा हो घ्यायला गेले होते, ते लपवत नाही.

*

पहिल्याच वर्षी पहिलाच पराक्रम माझा!

रिकाम्या हाताने कसं जायचं? एवढी माणसं मरणाच्या दारातून परत आलेली. पहाटे उठले, सोवळ्यात पंचामृत केलं. दूध, दही, तूप, मध, साखर, वर तुळशीचं पान. मोठा स्टीलचा डबा भरला, चांदीचा चमचा घेतला. मैदानावर पोचले आणि पाण्याच्या बाटल्यांशेजारी डबा मांडला.

रिद्धी लांबून धावत आली. म्हणजे त्या दिवशी सगळ्यात जोरात धावणारी तीच होती.

"काकू! हे कुणी कुणी घेतलं?"

"अजून कुणीच नाही. आधी गणपतीचं नाव घेऊन मग..."

ती मटकन गवतावर बसली. "दूध कच्चं आहे?"

"म्हणजे काय! पंचामृताला उकळलेलं कसं चालेल?"

मग तिने मला समजावलं. ह्या लोकांच्या शरीराने नवा अवयव परका म्हणून फेकून देऊ नये, यासाठी त्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम निजवून ठेवलेली असते. आपल्याला जे पचतं, ते त्यांना थेट दवाखान्यात नेतं. कच्चं दूध नाही, बाहेरचं दही नाही, कापून ठेवलेलं फळ नाही, हारातली ओली फुलंसुद्धा नाकाशी धरायची नाहीत.

मी रडकुंडीला आले. एवढं सोवळं पाळून आणलेलं विषच म्हणायचं की!

रिद्धीने डब्याला झाकण लावलं आणि म्हणाली, "काकू, मनाला लावून घेऊ नका. आमच्याकडे देवसुद्धा उकळून घ्यावा लागतो!"

*

माझ्या टेबलावरची जोडीदारीण म्हणजे शैलावहिनी. बोलायला तिखट. बाळूभाऊ म्हणजे तिचे यजमान, आणि त्यांच्या पोटात आहे ती शैलावहिनीची किडनी. त्यामुळे त्या घरात भांडण झालं की निकाल आधीच लागलेला असतो.

बाळूभाऊ पुरुषांच्या चालण्याच्या शर्यतीत उतरले होते. शिट्टी वाजली, सगळे निघाले. अर्ध्या ट्रॅकवर पोचले असतील, इतक्यात नऊ वाजले आणि मैदानभर मोबाईल वाजायला लागले. कुणाचं भजन, कुणाचा भोंगा, कुणाचा कोंबडा! गोळीची वेळ. ती एक गोळी म्हणजे त्यांचं आयुष्य. वेळ चुकवायची नाही, म्हणजे नाहीच.

आणि काय सांगू, सगळी शर्यत जागच्या जागी थांबली! पुढचा थांबला, मागचा थांबला. खिशातून पुड्या निघाल्या. आम्ही बाटल्या घेऊन ट्रॅकवर धावलो. परेडमध्ये उभे असल्यासारखे सगळे मान वर करून गोळी गिळतायत.

बाळूभाऊ एकटे चालत होते. मोबाईल खिशात ओरडतोय आणि स्वारी हात हलवत पुढे! रिबीन छातीने तोडली, दोन्ही हात वर केले आणि वळून बघतात तर मागे कुणी नाही.

शैलावहिनीचा आवाज पार फाटकापर्यंत गेला असेल. "अहो, मेडल मग! आधी गोळी! माझी किडनी आहे ती, तुमची नाही!"

रिद्धीने निकाल जाहीर केला. जो थांबला नाही तो बाद. जो सगळ्यांत आधी थांबला तो पहिला.

बाळूभाऊंनी गोळी घेतली, पाणी प्यायले आणि माझ्याकडे बघून पडेल आवाजात म्हणाले, "वहिनी, चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा हिच्या पुढे गेलो होतो."

*

पप्पू भियाचं खरं नाव मला त्या वर्षी कळलंच नाही; भिया म्हणजे इंदुरी भैया. सराफ्यात दुकान. कपडे भडक, आवाज त्याहून भडक. लिव्हर बदललेलं.

वयाप्रमाणे गट पाडायचे म्हणून मी प्रत्येकाला वय विचारत होते. पप्पू भियाला विचारलं.

"काकी, कौन सी वाली बताऊं? ऊपर से बावन, जिगर से बीस!"

"म्हणजे?"

"लड़का बीस का था ना, जिसका मिला." हसत बोलला, आणि बोलता बोलता त्याचं हसणं विझलं. कुणाचा अवयव मिळाला, त्याचं नाव सांगत नाहीत. नियमच आहे. त्याला एवढंच कळलं होतं, की वीस वर्षांचा मुलगा, मोटारसायकल, हेल्मेट नव्हतं.

मी म्हटलं, "मग तुम्ही त्याच्यासाठी काही करता का? श्राद्ध, दिवा वगैरे?"

"नाम-गोत्र तो पता नहीं काकी, पंडितजी क्या बोलेंगे?" मग त्याने सांगितलं. ज्या दिवशी ऑपरेशन झालं, त्या तारखेला तो दर वर्षी एक हेल्मेट विकत घेतो आणि चौकात उभा राहतो. उघड्या डोक्याचा एखादा पोरगा सिग्नलला थांबला, की त्याच्या डोक्यात ते घालून देतो.

"आणि पोरं घेतात?"

"पहले तो लड़ते हैं. कहते हैं, अंकल, पागल हो क्या?" पप्पू भियाने कॉलर ताठ केली. "मैं बोलता हूं, भिया, पहन ले. तेरे अंदर मेरे जैसे चार-पांच लोग बैठे हैं. उनको अभी बाहर मत निकाल!"

घरी येऊन मी हे ह्यांना सांगितलं. ह्यांच्या हाताला सुया टोचून टोचून काळेनिळे फुगवटे आले होते, ते उशीवर हात ठेवून पडले होते. हसले. खूप दिवसांनी हसले.

मी लगेच संधी साधली. "बघा ना, किती आनंदात आहे तो माणूस!"

"हं," म्हणाले, "आणि त्या मुलाची आई?"

*

श्रावणात पप्पू भिया गेला. लिव्हर ठणठणीत होतं. छातीत न्यूमोनिया झाला आणि निजवून ठेवलेलं शरीर उठून लढलंच नाही. मंगळागौरीच्या फुलांना निघाले होते, तेव्हा शैलावहिनीचा फोन आला.

ह्यांना सांगायचं नाही असं मी ठरवलं. दोन दिवस तोंड मिटून होते. तिसऱ्या दिवशी डायलिसिसच्या खुर्चीवरून हेच म्हणाले, "ते हेल्मेटवाले गेले म्हणे. तू का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही म्हणाल, बघ, एवढं करूनही..."

"मी असं कशाला म्हणेन?" हे छताकडे बघत होते. "त्यांना किती वर्षं मिळाली, ते बघ ना."

माझ्या मनात आशा लकाकली. मी हळूच म्हटलं, "मग नाव लिहू या?"

"मी त्यांच्याबद्दल बोलतोय," हे म्हणाले, "माझ्याबद्दल नाही."

*

त्यानंतर मी शेवटचा उपाय म्हणून खजरान्याला गेले.

आमच्या खजरान्याच्या गणपतीची रीत आहे. मागणं असेल तर देवळाच्या मागच्या भिंतीवर शेंदराने उलटा स्वस्तिक काढायचा. मागणं पुरं झालं की येऊन सरळ काढायचा. मुलीच्या लग्नासाठी काढला होता, ह्यांच्या बढतीसाठी काढला होता. गणपतीने मला कधी परत पाठवलं नाही.

बोट शेंदरात बुडवलं. भिंतीशी उभी राहिले. आणि हात थांबला.

मागायचं काय? ह्यांना किडनी मिळू दे. म्हणजे कुणाच्या तरी घरी आज... नाही, असं नाही. ह्यांच्या मनात यादीत नाव द्यायची बुद्धी दे. म्हणजे पुन्हा तेच की! नाव दिलं की वाट बघणं आलं, आणि वाट बघायची तर कशाची? ह्यांचा प्रश्न डॉक्टरांना होता तोपर्यंत मला हट्ट वाटत होता. गणपतीसमोर तो माझाच झाला.

शैलावहिनीला मी एकदा विचारलं होतं, तू काय मागितलंस? ती म्हणाली, "मी कुठे मागितलं? मी तर दिली! मागायचा प्रश्न तुझा." खरंच होतं. जिला देता येतं, तिचं गणपतीशी भांडण नसतं.

मागे रांग वाढत होती. धक्के बसायला लागले. एक बाई वैतागून म्हणाली, "भाभीजी, जल्दी बनाओ ना! क्या मांगना है, घर से सोच के नहीं आईं?"

मी बाजूला झाले. बोटावरचा शेंदूर स्वतःच्याच कपाळाला पुसला आणि घरी आले.

ह्यांनी कपाळाकडे बघितलं. "काय मागितलंस?"

"काही नाही."

"पहिल्यांदाच!" हे म्हणाले. पण चेष्टा नव्हती त्यात. 

*

दुसऱ्या हिवाळ्यात ह्यांना मैदानावर न्यावं लागलं. आदल्या दिवशी डायलिसिस जड गेलं होतं, घरी एकटं ठेवायची सोय नव्हती. शाल, टोपी, काठी आणि पाण्याची छोटी बाटली, कारण पाणीसुद्धा मोजून. शर्यती जिथे संपतात त्या रेषेजवळच्या कडुलिंबाखाली खुर्ची टाकून दिली.

"मी बघणार फक्त," हे म्हणाले. "मला कुणाकडून समजावून घ्यायचं नाही."

"कोण समजावतंय? मला टेबल आहे."

चेंडूफेक सुरू झाली. माइकवर नवीनच मुलगा होता, त्याला गेल्या वर्षीचा कागद मिळाला होता. एकेक नाव घेता घेता त्याने पप्पू भियाचं नाव पुकारलं. खरं नाव. कुणाला आधी कळलंच नाही. मग शेजारी नंबर वाचला, गेल्या वर्षी पप्पू भियाच्या छातीवर असलेला, आणि सगळ्यांना कळलं.

त्याने पुन्हा पुकारलं. "हाज़िर हैं?"

 रिद्धी माइककडे धावायला लागली. तेवढ्यात बाळूभाऊ रांगेतून ओरडले, "लेट है, भिया! पक्का इंदौरी है, टाइम पे कब आया है? आगे बढ़ो, आगे!"

सगळे हसले. मोठ्याने हसले. मग कुणीच कुणाकडे बघेना. बाळूभाऊंचा चेंडू त्या दिवशी पायाजवळच पडला.

*

दुपार कलल्यावर रस्त्यावरून सायरन ऐकू आला.

आपल्या शहरात तो आता सगळ्यांना ओळखीचा झालाय. पोलीस रस्ता मोकळा करतात, सिग्नल थांबवतात, आणि एका हॉस्पिटलातून दुसरीकडे किंवा विमानतळाकडे अवयवाचा डबा जातो. ग्रीन कॉरिडॉर म्हणतात. बाकीचे लोक गाडीतून मान काढून बघतात. ह्या मैदानावर तसं नाही. पळणारा थांबला, फेकणारा थांबला. टोपीवाल्यांनी टोप्या काढल्या. लहान-मोठे सगळे रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. कुणी शिट्टी वाजवली नव्हती, कुणी सांगितलं नव्हतं.

मी हातातली बाटली धरून तशीच उभी. बघितलं, तर सबंध मैदानात दोनच माणसं बसलेली होती. एक हे. त्यांच्या पायात जोरच नव्हता. दुसऱ्या कान्ताजी, ह्यांच्याच शेजारच्या खुर्चीवर, निळी शाल पांघरून.

कान्ताजींबद्दल रिद्धीने सकाळीच मला कानात सांगितलं होतं. "देवासकडच्या आहेत. त्यांची मुलगी मार्चमध्ये गेली, त्यांनी तिचे अवयव दिले. संध्याकाळी त्यांच्या हातून मेडल द्यायची आहेत. तोपर्यंत त्यांना काही विचारू नका, काकू." मी त्यांना त्या खुर्चीवर बसवलं, सीलबंद बाटली दिली आणि काही विचारलं नाही.

सायरन लांब गेला. लोक हळूहळू हलले. मी ह्यांच्याजवळ गेले.

"बघितलंस?" हे मराठीत, हळू आवाजात म्हणाले. "एवढी माणसं उभी होती. आनंदाने उभी होती की दुःखाने, तुला सांगता येईल?"

"नाही."

"ह्या उभ्या राहिलेल्यांनाही येणार नाही. म्हणून मी नाव देत नाही."

 खजरान्यापासून माझ्याकडे बोलायला काही उरलंच नव्हतं. ऊन खाली उतरलं होतं, ह्यांचा चेहरा मातीच्या रंगाचा दिसत होता. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, डायलिसिसची हातातली नस फार दिवस साथ देणार नाही. मी बाटल्यांचा क्रेट उचलला आणि तिथेच खुर्च्यांमागे मांडायला बसले.

*

लिंबू-चमच्याच्या शर्यतीची तयारी चालली होती. कान्ताजी ह्यांच्याकडे वळल्या. ह्या मैदानावर अनोळखी माणसं एकमेकांना कुठला अवयव बसवलाय हे विचारतात, तेच त्यांनी विचारलं.

"भाई साब, आपको क्या लगा है?"

"कुछ नहीं लगा," हे म्हणाले. "मेरा तो डायलिसिस चलता है."

"तो लिस्ट में नंबर होगा."

"नहीं. नाम ही नहीं लिखवाया."

"क्यों?"

मी मागून ह्यांच्या खुर्चीला पाय लावला. ह्यांना कळलं नाही. कान्ताजी कोण, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. सरळ माणूस, घरी जे बोलतात तेच बाहेर.

"किसी के घर में मातम हो, तब मेरे घर में फोन बजे. ऐसी राह नहीं देखनी मुझे."

माझ्या हातातली बाटली पडली. कान्ताजींनी ती उचलून मला दिली. चिडल्या नव्हत्या. शाल नीट केली.

"मातम तो हुआ, भाई साब," म्हणाल्या. "हमारे घर हुआ, मार्च में. किसी ने राह देखी थी, इसलिए नहीं हुआ. स्कूटी फिसली थी, इसलिए हुआ."

ह्यांनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. हे काठीवर जोर देऊन उठायला लागले, हात जोडले. "माफ करना बहनजी. मुझे मालूम नहीं था."

"अरे, बैठो आप. बैठो." त्यांनी ह्यांची बाही धरून खाली बसवलं. "हमारी गुड्डी का लिवर लग गया. आंखें लग गईं. एक किडनी लग गई. दूसरी रह गई."

"रह गई मतलब?"

"डॉक्टर लोग फोन लगाते रहे. बोले, एबी ग्रुप है, ये सिर्फ एबी वाले को लगेगी, और एबी वाला अभी लिस्ट में दूसरा कोई है ही नहीं. हमने कहा, थोड़ा और ढूंढो. उन्होंने ढूंढा भी. नहीं मिला." कान्ताजी समोर बघत होत्या. "फिर वो गुड्डी के साथ ही चली गई."

शिट्टी झाली. लिंबू-चमच्यावाले निघाले. एका बाईचं लिंबू पडलं, हशा झाला. पहिला नंबर रेषेवर आला तसं कान्ताजींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सकाळपासून त्या प्रत्येकासाठी वाजवत होत्या, पहिल्यासाठी आणि शेवटच्यासाठी सारख्याच.

 मला वाटलं, हे थकले. मी पाणी द्यायला वाकले.

"मेरा भी एबी है," हे म्हणाले.

कान्ताजींच्या टाळ्या थांबल्या. त्या वळल्या.

"मार्च में बीमार थे आप?"

"हां. उससे भी पहले से."

"यहीं थे? इंदौर में?"

"यहीं था."

त्या ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग शाळेतून उशिरा घरी आलेल्या मुलाला आई विचारते ना, तशा अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं.

"तो फिर आप कहां थे, भाई साब?"

शेवटची बाई रेषेपर्यंत पोचली. कुणी टाळी वाजवली नाही.

हे उठले. मैदानाच्या त्या टोकाला, माइकजवळ, रिद्धी उभी होती. तिकडे चालायला लागले. दोन पावलं टाकून थांबायचे, दम घ्यायचे, पुन्हा चालायचे. मी बाटली घेऊन मागे धावले.

"राहू दे," हे म्हणाले. "तू त्यांच्याजवळ बस."